पिंगळ्याचा वेष

शाळेत मदतनिधीसाठी आनंदमेळा भरणार असे जाहीर झाले की दोन गोष्टी ठरलेल्या असतात : भेळ-वड्यांची दुकाने आणि वेषभूषा. दुकानांची कामे मुले आठ दिवस आधीच वाटून घेतात. वेषभूषेचे काम मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत तसेच राहते आणि मग भाड्याने पोशाख देणाऱ्याच्या दुकानाकडे धाव घेतली जाते. समजा, राजाच्या पोशाखाला दोनशे रुपये भाडे पडले आणि राजेसाहेबांनी मेळ्यात डबा फिरवून दीडशे रुपये जमवले, तर निधीच्या दृष्टीने राजेसाहेब घरीच राहिले असते तर बरे झाले असते!

म्हणून घरातल्या रद्दीतून आणि जुन्या कापडातून जवळजवळ फुकटात होणारा एक वेष आपण करून पाहू. तो करताना कागद, खळ, कापड यांच्याविषयी बऱ्याच गोष्टी कळतील. त्यांतली एक गोष्ट मात्र जिवाशी संबंधित आहे. ती लेखाच्या उत्तरार्धात आली आहे. ती वाचल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका.

वेष कोणाचा करायचा? पिंगळ्याचा. पिंगळा म्हणजे आपल्या घराशेजारचे, साधारण साळुंकीएवढे घुबड. जुन्या झाडाच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतीच्या भोकात ते राहते आणि तिन्हीसांजेला तारेवर बसून आपल्याकडे टक लावून पाहते. शिवाय आपल्याकडे पिंगळा नावाचा माणूसही आहे. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन, कुडमुडे वाजवीत दारोदार येणारा हा जोशी आपल्याला पिंगळ्याची भाषा कळते असे सांगतो, भविष्य वर्तवतो आणि दान घेऊन जातो. भविष्याचे सोडून द्या. पण वेष घालून घरोघर दान मागण्याची रीत आपल्याला किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते. निधी गोळा करायला याहून शोभणारा पक्षी कोणता?

पिंगळ्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा नमुना कोणालाच मिळाला नव्हता. फक्त रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली आपल्याला तो गुजरातेत मिळाल्याचे सांगितले होते. पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता. त्यात नव्याने भुसा भरला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! म्हणजे पक्ष्यालाच सोंग दिले होते म्हणा ना. खोट्या जागा बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेऊ लागले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते आणि छातीवर रुंद तपकिरी पट्टे असतात. मुखवट्यावर ठिपके काढायचे की नाही, हे आता तुमचे तुम्ही ठरवा.

कागदाला उभे-आडवे असते

आधी एक प्रयोग करा. वर्तमानपत्राचे पान घेऊन वरून खाली एक पट्टी फाडा. मग डावीकडून उजवीकडे तशीच दुसरी पट्टी फाडा. बहुतेक वर्तमानपत्रांची पहिली पट्टी सरळ फाटेल, दुसरी मात्र वाकडीतिकडी जाईल. असे का व्हावे? कागद म्हणजे लाकडातील सेल्युलोजच्या बारीक तंतूंचे जाळे. यंत्रावर ओला लगदा वेगाने पुढे जात असताना पुष्कळसे तंतू त्याच दिशेने रांगेत बसतात. रांगेच्या दिशेने फाडले तर तंतू एकमेकांपासून नुसते सुटतात. आडवे फाडले तर वाटेत तंतूच तंतू आडवे येतात. म्हणून मुखवट्याचा एक थर उभ्या पट्ट्यांचा, त्यावरचा आडव्या पट्ट्यांचा, असे आळीपाळीने द्यायचे. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ पत्रे असेच एकाआड एक उलट दिशेने चिकटवलेले असतात.

पट्ट्या कात्रीने कापू नका, हातानेच फाडा. कापलेल्या कडेला पायरी राहते. फाटलेल्या कडेला मोकळे तंतू असतात आणि ते खालच्या थरात मिसळून जातात.

आता खळ. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. दुसरीकडे चार वाट्या पाणी उकळत ठेवा आणि त्यात हे मिश्रण ढवळत ढवळत ओता. दोन-तीन मिनिटांत पांढरे पाणी एकाएकी दाट आणि अर्धपारदर्शक होईल. मैद्यातील स्टार्चचे कण गार पाण्यात नुसते तरंगत असतात. तापमान सुमारे ६० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की ते पाणी शोषून फुगतात, त्यांतले लांबलचक रेणू बाहेर पडतात आणि खळ तयार होते. कोरडा मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकला तर? प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा थर आधी फुगून चिकट होतो, आत पाणी जाऊच देत नाही आणि गुठळ्या होतात. आईने गार पाण्याचा आग्रह का धरला ते आता कळेल. पुस्तके बांधणारे कारागीर खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. तो विषारी आहे. तोंडावर बसणाऱ्या मुखवट्याच्या खळीत तो घालायचा नाही.

फुगा, ऊन आणि स्वयंपाकघरातला काटा

सुमारे ७० सेंटिमीटर घेर होईल इतका फुगा फुगवा. म्हणजे त्याचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर झाला. तो पातेल्यावर ठेवून फक्त वरच्या अर्ध्या भागावर पट्ट्या चिकटवा. पहिला थर नुसत्या पाण्याने भिजवलेल्या पट्ट्यांचा असू द्या, म्हणजे फुगा सहज सुटेल. त्यावर खळीचे सहा थर द्या. एक थर काळ्या छपाईच्या कागदाचा आणि दुसरा रंगीत पुरवणीचा घेतला की कोठे राहून गेले ते लगेच दिसते.

डोके पूर्ण झाकणारा मुखवटा का नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण पुढे येईल.

थर दिले की मुलांना उन्हाची घाई होते. थोडे थांबा. फुग्यातली हवा २७ अंश सेल्सियसवरून ३७ अंशांवर गेली तर चार्ल्सच्या नियमाप्रमाणे तिचे आकारमान सुमारे तिसाव्या भागाने वाढते. (निरपेक्ष तापमान ३०० वरून ३१० झाले; गणित करून पाहा.) तेवढ्याने ओला कागद ताणतो, सांधे उकलतात आणि संध्याकाळी हवा आकसली की फुगा कागदापासून सुटून सुरकुत्या पडतात. म्हणून पहिले दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कवच स्वतःच्या बळावर उभे राहू लागले की फुगा फोडा आणि मग खुशाल उन्हात ठेवा. १९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो आणि त्या दिवशी निधी गोळा केला जातो. तुमचा मेळा त्या सुमारास असेल तर हवा कोरडी मिळेल आणि काम चार-पाच दिवसांत उरकेल. हेच काम जुलैत पूरग्रस्तांसाठी करायचे झाले तर पंख्याखाली आठवडा काढावा लागेल, आणि कंटाळा केला तर मुखवट्यावर बुरशीची हिरवी दाढी उगवेल.

मुखवटा पुरता वाळला हे ओळखायचे कसे? हाताला कोरडा लागला म्हणजे आतून कोरडा झाला असे नाही. रोज एकाच वेळी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन वहीत लिहा. पहिल्या दिवशी वजन भराभर घटेल, मग हळू. लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरले की त्यातले सुटे पाणी गेले असे समजा. रसायनशाळेत पदार्थ वाळवताना हीच कसोटी लावतात.

डोळ्यांची भोके

पिंगळ्याचे मोठे पिवळे डोळे रंगवायचे आणि त्यांतली काळी बाहुली म्हणजे तुमच्या डोळ्यासाठी भोक. तुमच्या दोन बाहुल्यांमधले अंतर मित्राकडून पट्टीने मोजून घ्या. ते साधारण सहा सेंटिमीटर भरेल. दोन सेंटिमीटर व्यासाची भोके पुरेत असे वाटते. पण कागदावर आकृती काढून पाहा. डोळा भोकापासून चार सेंटिमीटर मागे असेल तर समोरचा फक्त २८ अंशांचा कोन दिसतो. तेच अंतर दोन सेंटिमीटर केले तर कोन ५३ अंश होतो. बुबुळे हलवून थोडे जास्त दिसते, तरी दोन्ही डोळ्यांनी एरवी आपल्याला १८० अंशांच्या आसपास दिसते हे लक्षात घेता ही मोठीच कपात झाली. तेव्हा भोके मोठी करण्याऐवजी मुखवटा डोळ्यांच्या जवळ आणा : गालांपाशी कवच दाबून चपटे करा आणि कपाळाला टेकण्यापुरती कापडाची पातळ घडी आत चिकटवा. खाली पाहायला चोचीखाली आडवी फट ठेवा. जिन्याची पायरी डोळ्यांच्या भोकांतून दिसत नाही!

मुखवटा घालून पाच मिनिटे वर्गात फिरा. बाजूला काय आहे ते पाहण्यासाठी डोळे फिरवून भागत नाही, मान फिरवावी लागते. घुबडाची अडचण नेमकी हीच आहे. त्याचे डोळे गोल नसून नळीसारखे असतात, आणि हाडांच्या कड्यात इतके घट्ट बसलेले असतात की ते जवळजवळ हलतच नाहीत. म्हणून त्याला मान विलक्षण फिरवता येते, एका बाजूला सुमारे २७० अंश. आपल्या मानेत ७ मणके, त्याच्या मानेत १४. तुम्ही तेवढी फिरवायला जाऊ नका. तुमच्या मानेत ७ च आहेत.

पंखांचे कापड

खऱ्या पक्ष्यांची पिसे गोळा करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना संरक्षण आहे, आणि अंधश्रद्धेपायी आजही त्यांना पकडून विकले जाते. जुनी सुती चादर घ्या. कडक चहात ती रात्रभर भिजवली की छान फिकट तपकिरी होते. दुसऱ्या वाटीत गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवा. त्या पाण्यात कुंचला बुडवून चहात रंगलेल्या कापडावर पट्टे ओढा. पाहता पाहता पट्टे करडे-काळे होतात. चहातील टॅनिन आणि गंजातून आलेले लोह यांचा संयोग होऊन हा रंग बनतो. पूर्वी लिहिण्याची शाई याच तत्त्वावर करीत. लोहामुळे कापड पुढे काही वर्षांत कुजत जाते, पण आपल्याला ते एक दिवस टिकले तरी पुष्कळ.

चादरीचा अर्धगोल कापून मधोमध गळा काढला की हात पसरल्यावर पंख होतात. लांबी गुडघ्यापर्यंतच ठेवा. आता मोह होतो तो कडा उसवून झालर सोडण्याचा. घुबडाच्या पंखाची कड खरोखरच अशी मऊ, झालरीसारखी असते आणि त्यामुळेच त्याचे उडणे ऐकू येत नाही. दिसायला झालर फार सुंदर दिसेल. पण आता ती गोष्ट सांगतो, जिच्याविषयी सुरुवातीला म्हटले.

ठिणगी

पॅरिसच्या ऑपेरात एमा लिव्ह्री नावाची तरुण नर्तिका होती. त्या काळी रंगमंचावर गॅसचे दिवे उघड्या ज्योतीने जळत आणि नर्तकींचे घोळदार मलमली झगे पेट घेत. म्हणून झग्यांना आग लवकर धरू नये असे द्रावण लावण्याची पद्धत तेथे सुरू झाली होती. पण द्रावणाने कापड ताठ आणि मळकट दिसे. एमाने तसा झगा घालायला नकार दिला. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीच्या वेळी तिच्या झग्याला दिव्याची ज्योत लागली. आठ महिने यातना भोगून जुलै १८६३ मध्ये ती वारली, तेव्हा तिला एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

मलमलच इतकी का भडकते? जाड पुस्तक पेटवायला वेळ लागतो, पण त्याचे सुटे पान क्षणात जळते. वस्तू तीच, सेल्युलोजच. फरक आहे तो हवेला भिडलेल्या पृष्ठभागाचा. पातळ, सैल, घोळदार, झालरीचे कापड म्हणजे सगळीकडून हवा लागलेले सुटे पान. ढगासाठी किंवा म्हाताऱ्याच्या दाढीसाठी मुले कापूस चिकटवतात, तो तर याहून वाईट. आणि आनंदमेळ्यात काय असते? वड्यांच्या दुकानातली शेगडी, उद्घाटनाची समई, उदबत्त्या.

हे तपासणारा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा, मोकळ्या जागेत, खाली वाळूचे ताट आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून. पातळ सुती, जाड सुती, नायलॉन आणि लोकर यांच्या बोटभर पट्ट्या लांब चिमट्यात धरून एकेक करून ज्योतीला लावाव्यात. पातळ सुती पट्टी भरकन जळते आणि जळक्या कागदाचा वास येतो. जाड सुती पट्टी सावकाश जळते. नायलॉन आक्रसते, वितळते आणि त्याचे थेंब पडतात. असा थेंब कातडीवर पडला तर चिकटून खोल भाजतो. लोकर जळक्या केसांचा वास देत करपते आणि ज्योत काढली की बहुधा विझते. पाचवी पट्टी टाकणखार आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात भिजवून वाळवलेल्या सुती कापडाची घ्यावी. ती काळी पडेल, पण भडकणार नाही. अशा क्षारांचा हा गुण फ्रान्सच्या राजाच्या सांगण्यावरून गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये अभ्यासला होता, तोही नाटकगृहांतली कापडे वाचवण्यासाठीच. क्षारांमुळे तापलेल्या सेल्युलोजपासून जळणाऱ्या वाफा कमी आणि कोळसा व पाणी जास्त बनते. मात्र हे प्रयोगापुरतेच. घरी पोशाखाला हे द्रावण लावून निर्धास्त होऊ नका. ते कातडीवर दिवसभर बाळगण्याजोगे नाही, आणि घामाने किंवा पाण्याने निघूनही जाते.

मग पिंगळ्याने काय करावे? झालर सोडायचीच असेल तर खांद्यापाशी आखूड सोडावी. मनगटापाशी कापड दुमडून शिवावे, कारण शेगडीवर आधी जाते ती बाही. घरात जुनी घोंगडी असेल तर माझे मत तिच्या बाजूने पडेल. रंग आयताच घुबडाचा, आणि लोकर असल्यामुळे आगीला दाद न देणारी. शेगड्यांच्या ओळीपासून वेषधारी मुलांचा रस्ता वेगळा आखावा. हे काम शिक्षकांचे आहे. तरीही कपड्याने पेट घेतलाच तर पळायचे नाही, पळण्याने ज्वाळांना वारा मिळतो. जागच्या जागी थांबा, चेहरा हातांनी झाकून जमिनीवर आडवे व्हा आणि लोळा. दुसऱ्यांनी जाड सतरंजी किंवा घोंगडी टाकून ज्वाळा दाबाव्यात. मग भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे, कातडीला चिकटलेले कापड ओढू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे.

आत माणूस आहे

घोंगडीला एक तक्रार आहेच : उकडते. स्वस्थ बसलेला मोठा माणूससुद्धा शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकीत असतो; नाचणारा पिंगळा त्याच्या कितीतरी पट. ती घालवण्याचा आपला मुख्य मार्ग म्हणजे घाम. कातडीवरचा एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तरच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा पोशाख केला तर घाम आतच निथळतो, उष्णता जात नाही आणि मूल चक्कर येऊन पडते. (प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावर तर कधीच घालू नये, श्वास घेताना ती नाकातोंडाला चिकटते.)

श्वासाचेही असेच. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो, उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट. डोके पूर्ण झाकणाऱ्या बंद मुखवट्यात हाच उच्छ्वास साठतो आणि तोच पुन्हा आत घ्यावा लागतो. म्हणून आपण अर्धेच कवच केले, मागून मोकळे. चोचीखालची फटही त्यासाठी उपयोगी. पंखांच्या आत काखेपाशी शिवण उसवलेली ठेवा, दर वीस मिनिटांनी मुखवटा काढून पाणी प्या आणि एक मित्र सतत बरोबर असू द्या. डबा त्याच्या हाती द्या, म्हणजे तो आपोआपच बरोबर राहील.

डब्यात पैसे कसे पडायचे? नुसते मिरवून फार पडत नाहीत. डब्यावर पाटी लावा : «पिंगळ्याला प्रश्न विचारा, दर प्रश्नास पाच रुपये, उत्तर न आल्यास पैसे परत.» भविष्य सांगायचे नाही, घुबडांविषयी सांगायचे. मान किती फिरते, डोळे का हलत नाहीत, रानपिंगळा किती वर्षांनी सापडला, एवढे तर तुम्हाला आता ठाऊक आहेच. गव्हाणी घुबडाचे दोन कान एका उंचीवर नसतात आणि त्यामुळे मिट्ट अंधारात उंदराची खसफस नेमकी कोठून आली ते त्याला कळते, हेही सांगा. शेतकरी पालक असतील तर उंदरांवरून पुढचे बोलणे तेच सुरू करतील.

मेळा झाल्यावर मुखवटा फेकू नका. वाळल्यावरचे शेवटचे वजन वहीत आहेच. तो खुंटीला टांगून ठेवा आणि जुलैत, पावसाची झड लागली असताना, पुन्हा काट्यावर ठेवा. काही ग्रॅम वजन वाढलेले आढळेल. ते कोठून आले, ते वहीत त्याच पानावर लिहा.